ड्रेनेजच्या कामात नाक का फसवतं?

बहुतेक धंद्यांत माणूस जितका जुना तितका सुरक्षित. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत जुना कारागीर वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून सांगतो, की आता दोन पावलं मागं सरका. ड्रेनेजच्या कामात हा हिशेब चालत नाही. वीस वर्षं चेंबरमध्ये उतरलेला माणूस आणि काल कामावर लागलेला पोरगा, दोघांनाही आतला वायू तेवढ्याच वेळात आडवं करतो. उलट जुना माणूसच जास्त धोक्यात असतो, कारण "इतकी वर्षं उतरतोय, काय झालं नाही" हे वाक्य त्याच्या तोंडी तयार असतं. हे वाक्य चुकीचं का आहे आणि त्याच्या जागी काय असायला हवं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी आपल्या शहरातलं काम कुठं चालतं ते बघू. कोल्हापूरचं सांडपाणी उताराने पंचगंगेकडे जातं. जयंती, दुधाळी, लाइन बझार, बापट कॅम्प या नाल्यांची नावं आपल्याला नदीच्या प्रदूषणाच्या बातम्यांमुळे पाठ झाली आहेत. ते पाणी नदीत जायच्या आधी अडवायचं, पंपाने उचलायचं आणि शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, अशी व्यवस्था आहे. कसबा बावड्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे, दुधाळीच्या केंद्राची १७. नुसत्या बावड्याचा आकडा सेकंदावर आणला तर साधारण ८८० लिटर होतात. एवढं पाणी गल्लीतल्या चेंबरपासून केंद्राच्या टाकीपर्यंत वाहतं ठेवायला माणसं लागतात: चेंबरवर काम करणारी गँग, जेटिंग आणि सक्शन गाडीवरचे ड्रायव्हर आणि हेल्पर, पंप ऑपरेटर, फिटर, वायरमन, केंद्रातले कामगार. नदीच्या प्रदूषणावर आपण तावातावाने बोलतो, या माणसांच्या जिवाबद्दल मात्र कुठं काही घडल्याशिवाय बोलत नाही.

वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही

चेंबरमधला सगळ्यात मोठा मारेकरी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो बाहेरून येत नाही, आतच तयार होतो. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि तळाच्या गाळात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्याचा सल्फाइड करतात. पाणी साचलेलं, गाळ जुना आणि ऊन कडक असेल तर हे काम जोरात चालतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यात कमी पाण्याची, तुंबलेली लाइन विशेष घातक. वायूचा बराचसा भाग गाळात अडकून असतो. सोड्याची बाटली शांत असते तोवर काही दिसत नाही, हलवली की फसफसते. गाळाचंही तसंच आहे: वरून मोजलं तेव्हा हवा बरी असते आणि माणूस आत जाऊन फावडं मारतो तेव्हा वायू एकदम सुटतो.

या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मात्र फार जणांना माहीत नसतं. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एक पीपीएम एवढा सुद्धा हा वायू नसला तरी नाकाला तो कळतो. १०० पीपीएमच्या आसपास मात्र दोन ते पंधरा मिनिटांत नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. बाहेर उभ्या माणसाला वाटतं, झाकण उघडून ठेवल्यामुळे हवा सुधारली. आतल्याला वाटतं, सवय झाली. प्रत्यक्षात वायू तिथंच असतो, किंवा वाढलेलाही असतो. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस पाच मिनिटांत कोसळतो. ७०० ते १००० च्या दरम्यान एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते आणि लगोलग श्वास थांबतो. ओरडायला, दोर ओढायला, पायरी धरायला वेळच मिळत नाही.

पीपीएम म्हटलं की आकडा फार बारीक वाटतो, म्हणून एक हिशेब करू. एक मीटर व्यासाचा, तीन मीटर खोल चेंबर घ्या. त्यात साधारण २,३५० लिटर हवा मावते. त्या हवेत फक्त सव्वा लिटर हायड्रोजन सल्फाइड मिसळला की प्रमाण ५०० पीपीएमच्या वर जातं. भला मोठा साठा लागत नाही.

दुसरा वायू मिथेन. हा हवेपेक्षा हलका, याला स्वतःचा वास नाही. हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. चेंबरच्या तोंडावर बिडी पेटवणं, मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावणं, लोखंडी पहारीने झाकण ठोकून ठिणगी पाडणं, हे सगळं त्यामुळेच वर्ज्य.

तिसरा धोका वायूचा नाही, वायू नसण्याचा आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा उतरण्यालायक नाही असं धरतात. १६ च्या आसपास डोकं नीट चालत नाही, हातापायांवरचा ताबा सुटायला लागतो, आणि गंमत अशी की आपलं काही बिघडलंय हे ओळखणारं डोकंच आधी मंद होतं. १० च्या खाली माणूस बेशुद्ध पडतो.

आता विहिरीचा विषय निघतोच. आपल्या भागात विहिरीचा गाळ काढायला उतरण्याआधी पेटता कंदील किंवा मेणबत्ती दोरीने खाली सोडायची जुनी पद्धत आहे. विझली तर उतरायचं नाही. ज्या काळात दुसरं साधनच नव्हतं त्या काळात ती शहाणपणाची होती, याबद्दल वाद नाही. पण ड्रेनेजला ती लावणं म्हणजे जिवाशी खेळ. मेणबत्ती साधारण १६ टक्के प्राणवायूपर्यंत जळत राहते, म्हणजे ती विझायच्या आधीच माणूस धोक्यात आलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि आत मिथेन असेल तर तीच स्फोट घडवते. विहिरीतसुद्धा, खाली उतरवलेलं डिझेल इंजिन चालू असेल तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मेणबत्तीला कळत नाही.

थोडक्यात, नाक, ज्योत आणि अनुभव या तिन्हींना आतल्या हवेबद्दल बोलायचा अधिकार नाही. तो अधिकार फक्त मीटरला.

मीटर कसा बोलतो

हातात मावणाऱ्या चार वायूंच्या मीटरवर चार आकडे दिसतात: प्राणवायू, जळणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. मीटर मोकळ्या हवेत चालू करायचा, चेंबरच्या तोंडावर नाही, कारण चालू होताना तो भोवतालची हवा स्वच्छ धरून चालतो. मग झाकण पूर्ण काढायच्या आधी फटीतून नळी सोडून वरची हवा बघायची, नंतर मधली, नंतर तळाची. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण नळीतून हवा मीटरपर्यंत यायला आणि आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. नळी सोडली, काढली, "ओके आहे" असं म्हटलं, तर ती तपासणी नव्हे. तिन्ही पातळ्यांवर बघायचं कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तो तळाशी बसतो. मिथेन वर जातो. एकाच जागी मोजलं तर अर्धंच कळतं.

आकडे वाचायचा क्रमही ठरलेला आहे. आधी प्राणवायू, कारण तो फार कमी असेल तर जळणाऱ्या वायूचा सेन्सर बऱ्याच मीटरांत खोटा आकडा दाखवतो. मग जळणारा वायू, मग विषारी. जळणाऱ्या वायूच्या रकान्यात "१०" दिसलं तर हवेत १० टक्के मिथेन आहे असा अर्थ होत नाही. स्फोट होण्यासाठी जेवढा किमान मिथेन लागतो, म्हणजे ५ टक्के, त्याचा दहावा भाग आहे, असा अर्थ होतो. हवेत अर्धा टक्का. एवढ्यालाच मीटर ओरडायला लागतो आणि एवढ्यालाच बाहेर यायचं असतं. हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा १० पीपीएम.

मोजून झालं म्हणून मीटर डब्यात ठेवायचा नाही. तो उतरणाऱ्याच्या छातीवर चालू राहिला पाहिजे, कारण गाळ हलला की हवा बदलते. शिवाय मीटरही म्हातारा होतो. त्याच्या सेन्सरना आयुष्य असतं, ठरावीक काळाने त्याला ओळखीचा वायू दाखवून आकडा बरोबर येतो का ते बघावं लागतं. खरेदी करून कपाटात ठेवलेला, बॅटरी उतरलेला मीटर असण्यापेक्षा नसलेला बरा, असं मला वाटतं. नसला तर निदान माणूस घाबरून तरी राहतो.

शाहूपुरीतल्या एखाद्या गल्लीत सकाळी लाइन तुंबली आहे असं समजा. मुकादम आणि गँगमधला पोरगा यांच्यात बोलणं व्हायला हवं ते असं:

"मामा, वास तर कायच न्हाई. उतरू का?"

"वास न्हाई म्हणूनच थांब. आधी नळी सोड."

"तळाला प्राणवायू एकोणीस दाखवतंय."

"मग न्हाई उतरायचं. ब्लोअर लाव, वरचं नि खालचं झाकण काढ, अर्ध्या तासानं परत बघू."

"लोक बोंबलायलेत, घरात पाणी आलंय म्हणून."

"बोंबलू देत. साहेबांस्नी मी सांगतो."

सगळी सुरक्षा त्या शेवटच्या वाक्यावर उभी आहे. हवा मारायची पद्धत कुणालाही शिकवता येते: कामाच्या चेंबरच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या चेंबरांची झाकणं उघडायची, ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा आत ढकलायची, जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर त्याचाच धूर ब्लोअर आत सोडतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आत सोडणं हा शहाणपणा कुणी करू नये, प्राणवायू जास्त झाला की साधा कपडाही भडकून पेटतो. हे सगळं शिकवता येतं. पण गल्लीतले लोक ओरडत असताना, नगरसेवकाचा फोन येत असताना "आज उतरायचं नाही" म्हणणाऱ्या मुकादमाच्या मागं त्याचा साहेब उभा राहणार की नाही, हे कुठल्याही प्रशिक्षणात ठरत नाही.

दुसरा माणूस

अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने १९८६ साली एक निष्कर्ष मांडला, तो आजही सुरक्षेच्या प्रत्येक वर्गात सांगतात: बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे होते. आपल्याकडच्या बातम्याही आठवून बघा. "टाकीत उतरलेल्या तिघांचा मृत्यू" असं आपण वाचतो, तेव्हा बहुतेक वेळा पहिला कामासाठी उतरलेला असतो, दुसरा त्याला काढायला, तिसरा त्या दोघांना.

वर उभ्या माणसाला काय दिसतं? साथीदार खाली गेला आणि क्षणात कोसळला. त्याला वाटतं पाय घसरला, चक्कर आली. चार फुटांवर तर आहे. उडी मारायला दोन सेकंद लागतात. त्यात आपलं कोल्हापूर. इथं मित्रासाठी उडी न घेणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण ज्या हवेने पहिल्याला पाडलं ती हवा दुसऱ्यासाठी थांबलेली नसते.

म्हणून नियम असा, की वरचा माणूस कुठल्याही परिस्थितीत खाली उतरत नाही. मग वाचवायचं कसं? याचं उत्तर पहिला माणूस उतरायच्या आधी तयार असावं लागतं. चेंबरच्या तोंडावर तिपाई, तिला हाताने फिरवायचं विंच, विंचची दोरी उतरणाऱ्याच्या अंगावरच्या पूर्ण हार्नेसला, म्हणजे खांद्या-मांड्यांना आवळलेल्या पट्ट्यांना, जोडलेली. कमरेला बांधलेला दोर इथं उपयोगाचा नाही. बेशुद्ध माणूस कमरेतून दुमडतो आणि दुमडलेलं शरीर चेंबरच्या अरुंद तोंडातून निघत नाही. हार्नेसची कडी खांद्यांच्या मागे पाठीवर असते, त्यामुळे माणूस उभाच्या उभा वर येतो. शिवाय ऐंशी किलोचं भिजलेलं शरीर दोन माणसांनी हाताने वर खेचणं अशक्यासारखंच असतं, विंचवर ते एकटा काढतो.

तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधणं हा निव्वळ मनाचा दिलासा. काडतूस (वायू गाळणारा डबा) लावलेला मास्क काही वायू गाळतो, पण प्राणवायू तयार करत नाही. आत जायचंच असेल आणि हवेची खात्री नसेल, तर पाठीवरच्या सिलिंडरमधून किंवा वरून आलेल्या नळीतून स्वच्छ हवा मिळाली पाहिजे. सिलिंडर साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो, श्वास जोरात चालला तर त्याहून कमी.

पण उतरायचंच का?

आतापर्यंतचं सगळं उतरणाऱ्याबद्दल झालं. सुरक्षेचं शास्त्र मात्र उलट्या टोकाकडून सुरू होतं. पहिला प्रश्न, माणूस न पाठवता काम होईल का? होत नसेल तर धोका यंत्राने किंवा बांधकामाने कमी करता येईल का? त्यानंतर कामाच्या पद्धती, परवाने, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, बूट, हेल्मेट. आपल्याकडे फोटो मात्र शेवटच्या पायरीचे निघतात. किटवाटपाच्या कार्यक्रमात हार, नारळ, पाहुणे आणि समोर नवीन गमबूट घातलेली गँग. बूट द्यावेतच, पण त्यांनी वायू थांबत नाही.

जेटिंग मशीन पाण्याच्या झोताने लाइन मोकळी करतं, सक्शन गाडी गाळ ओढून घेते, कॅमेरा पाइपमध्ये फिरून तुटफूट दाखवतो. अरुंद पेठांमध्ये मोठी गाडी जात नाही ही अडचण खरी आहे, त्यावर लहान गाड्या हा उपाय आहे. याहून जास्त फरक पडतो तो बांधकामाच्या नकाशावर. पंपिंग स्टेशनच्या विहिरीत बुडालेला पंप बिघडला, तर पूर्वी माणूस उतरून नटबोल्ट खोलायचा. आता पंप दोन उभ्या पाइपांवर सरकत बसवता येतो, साखळी ओढली की तो स्वतःहून सुटून वर येतो आणि सोडला की परत जागेवर बसतो. विहिरीत कुणीच जात नाही. हा खर्च बांधताना केला तर किरकोळ असतो, नंतर करायचा म्हटलं तर डोंगराएवढा होतो.

पंपिंग स्टेशनवरचा दुसरा धोका विजेचा आणि फिरत्या भागांचा. चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड गुंतून पंप अडकतो आणि फिटर हात घालून काढायला जातो. पंप स्विचने बंद केलेला असतो, पण बरेच पंप पाण्याच्या पातळीवर आपोआप चालू होतात. किंवा पाळी बदलते, नवा ऑपरेटर येतो, पाणी चढलेलं बघतो आणि बटण दाबतो. फोनवरून "बंद ठेव रे" सांगणं म्हणजे बंद करणं नव्हे. मेन स्विच खाली पाडायचा, त्यावर कुलूप घालायचं, पाटी अडकवायची आणि किल्ली ज्याचा हात पंपात आहे त्याच्याच खिशात ठेवायची. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. नंतर एकदा चालू करून बघायचं, खरंच बंद आहे ना. एवढ्याशा कुलपाला दोनशे-तीनशे रुपये लागतात. ते नसणं म्हणजे पैशाची अडचण नव्हे, सवयीची.

रोजच्या दुखापती यापेक्षा साध्या असतात आणि बातमीत येत नाहीत. ओल्या पायऱ्यांवरून घसरणं, झाकणाखाली बोट चेपणं, जड झाकण वाकून उचलताना कंबर धरणं. मोठ्या रस्त्यावरचं बिडाचं झाकण शंभर किलोच्या आसपास भरतं. ते उचलायचं नसतं, हुकाने कडेला सरकवायचं असतं. रस्त्यावर काम करताना येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला आधी आडोसा, मग काम.

केंद्रातल्या हवा सोडलेल्या टाकीबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती पोहणाऱ्यालाही माहीत नसते. त्या टाकीत खालून सतत बुडबुडे सोडलेले असतात. बुडबुड्यांमुळे पाणी विरळ होतं आणि शरीराला तरंगवून धरत नाही. रंकाळ्यात पल्ले मारणारा पट्टीचा पोहणाराही तिथं बुडू शकतो. म्हणून कठडा, आणि हाताशी लटकलेली रिंग. शेवटी क्लोरीन वापरत असतील तिथं गळती झाली, तर वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर जायचं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तो सखल जागी साचतो. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारायचं नाही, त्याने भोक मोठं होतं.

पूर ओसरल्यावर

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर येतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली ते पन्नास फुटांच्या वर गेलं होतं. नदी फुगली की पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं आणि ओसरताना सगळ्या चेंबरांत गाळ भरून जातं. त्यानंतरचे आठवडे ड्रेनेजवाल्यांसाठी सगळ्यात वाईट. काम दुप्पट, घाई चौपट आणि पाण्याखाली गेलेली उघडी चेंबरं कुठं आहेत ते दिसत नाही.

याच दिवसांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येतो. उंदरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, कापलेल्या बोटातून, डोळ्यातून शरीरात शिरतात. त्रास बहुधा पाच ते चौदा दिवसांनी सुरू होतो, कधी महिन्यानेही. तोवर माणूस ते काम विसरलेला असतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. दवाखान्यात "व्हायरल असेल" म्हणून गोळ्या मिळतात आणि दोन दिवस वाया जातात. ड्रेनेजमध्ये काम करणाऱ्याने ताप आल्यावर डॉक्टरला आपलं काम काय आहे ते स्वतःहून सांगावं, सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो वा गल्लीतल्या दवाखान्यात. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत धरतो. जखम झाकून ठेवणं, जेवणाआधी साबणाने हात धुणं, कामाचे कपडे घरी न नेणं, धनुर्वात आणि काविळीच्या लसी वेळेवर घेणं हे कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं. हात धुवायला साबण-पाणी गाडीवरच असलं पाहिजे, ते कामगाराने शोधत फिरायचं नसतं.

कायदा काय म्हणतो

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने कुणालाही, थेट किंवा ठेकेदारामार्फत, गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "धोकादायक" म्हणजे साधनं न देता, खबरदारी न घेता उतरवणं. नियमांनुसार माणूस उतरवायची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे, जसं यंत्र चालत नाही तिथं पडलेलं झाकण काढणं, नवी लाइन जुन्या मोठ्या लाइनला जोडणं, विहिरीतला पंप काढणं. त्यापलीकडे अगदीच गरज पडली, तर कारणं लिहून मुख्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जागेवर किमान तीन माणसं हवीत, त्यातला एक देखरेख करणारा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली, आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख. लेखी परवानगीच्या अटीचं महत्त्व इथं कळतं. तोंडी "जा रे, बघून घे" असं सांगितलेलं असलं की नंतर कुणीच सांगितलेलं नसतं. कागदावर सही असली की सही करणारा आधी विचार करतो.

ठेकेदाराच्या माणसांचा प्रश्न वेगळा काढून ठेवता येत नाही. मीटर, तिपाई, हार्नेस, प्रशिक्षण यांचा खर्च निविदेच्या दरात धरलेला नसेल आणि सगळ्यात कमी दराला काम जात असेल, तर ठेकेदार तो खर्च कुठून कमी करणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

घरातून काय करता येतं

तुंबलेलं संडास मोकळं करायला बाटलीभर ॲसिड ओतायची सवय सोडा. ॲसिड सल्फाइड असलेल्या गाळात मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तुम्ही सकाळी ओतलं आणि दुपारी गँग आली, तर ते कुणाच्या नाकात जाणार ते उघड आहे. निदान ॲसिड टाकलंय एवढं तरी त्यांना सांगा. सुया, ब्लेड, काच, पॅड, डायपर कमोडमध्ये टाकू नका. तुंबलेल्या लाइनची किंवा विनासाधन उतरवलेल्या माणसाची तक्रार १४४२० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

उपनगरांत, जिथं ड्रेनेजची लाइन पोचली नाही तिथं, घरोघरी सेप्टिक टँक आहेत. त्या साफ करायला माणूस बोलावणारा घरमालक किंवा सोसायटीचा सेक्रेटरीही या कायद्यात सापडतो, फक्त नगरपालिका नव्हे. सक्शन गाडी बोलवा, झाकणं उघडल्यावर लहान मुलांना लांब ठेवा, जवळपास कुणाला बिडी ओढू देऊ नका. गाडीने ओढून झाल्यावर तळाला थोडा गाळ राहतो. "पाचशे रुपये वाढवून द्या, उतरून तळ खरवडून देतो," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तो थोडा गाळ राहिलेलाच चांगला असतो, टाकी पुन्हा नीट चालायला लागणारे जिवाणू त्यातच असतात.